लग्नाचा चौक आणि लग्नगडी : डहाणू-तलासरीतील एका स्थित्यंतराची कथा

१/ वारली चित्र आज साडीवर, चहाच्या कपावर, सरकारी कचेरीच्या कुंपणावरही दिसते. मात्र हे चित्र मुळात ज्या लग्नप्रसंगी काढले जाई, त्याच लग्नाने एके काळी असंख्य वारली पुरुषांना जमीनदाराच्या दारी बांधून ठेवले होते. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील सामाजिक बदल समजून घ्यायचा, तर चित्र आणि कर्ज या दोन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

२/ प्रथम चित्र. लग्नघरातील भिंत शेणामातीने सारवून गेरूने रंगवली जाई. तीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी चौक काढीत. चौकात पालघाट देवी, तर शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलेरीही स्त्रीच. चित्राखाली कोणाचे नाव नसे. विधी पार पडला की त्याचे प्रयोजनही संपे.

३/ आता कर्ज. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलली जाई. ती फेडण्यासाठी नवरा आणि बहुधा त्याची बायकोही वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. रक्कम अल्प, फेड मात्र आयुष्यभराची. याखेरीज साऱ्यांच्याच वाट्याला येणारी बिनमोबदल्याची वेठ होतीच.

४/ जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे वारली प्रतिनिधीही पोहोचले. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ न करण्याचा निर्धार झाला. पाठोपाठ कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लग्नगडी मुक्त होऊ लागले.

५/ याची किंमत मोजावी लागली. १९४५ च्या गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरीची मागणी पुढे आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह ५ जण मृत्युमुखी पडले.

६/ येथे कालक्रम ध्यानात घ्यावा. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ चा. म्हणजे जे कागदावर यायला स्वतंत्र भारताला जवळपास तीन दशके लागली, ते निरक्षर ठरवलेल्या माणसांनी आपल्या पाड्यांवर आधीच घडवायला घेतले होते. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचा वृत्तान्त आहे. त्यास १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

७/ त्याच सत्तरच्या दशकात दुसरे स्थित्यंतर घडत होते. चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त डहाणूच्या पाड्यांवर आले. त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा त्यातून जगासमोर आली. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात लागली आणि २०११ मध्ये ते पद्मश्री झाले.

८/ या बदलाचा अर्थ एकपदरी नाही. भिंतीवरचा विधी कागदावर आला, तेव्हा शेती, मासेमारी, तारपा नाच असे विषय मोकळेपणाने रंगू लागले आणि मिळकतीचा नवा मार्ग उघडला. परंतु नाव, पुरस्कार आणि बाजारपेठ प्रामुख्याने पुरुषांच्या वाट्याला आली. ज्या सवाशिणींनी ही चित्रभाषा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या अनामिकच राहिल्या. पुढे स्त्रियाही कागदावर चित्रे काढू लागल्या, तरी हा असमतोल सहजी मिटला नाही.

९/ शहरी समाजाची नजरही बदलली, पण अर्धीच. ज्या वारल्यांना ‘जंगली’ म्हणून हिणवले जाई, त्यांची चित्रे दिवाणखान्यात आली. त्यांचा लढा मात्र आला नाही. ‘हजारो वर्षांची अपरिवर्तित कला’ असे कौतुक करताना आपण नकळत असे सुचवतो, की या माणसांना इतिहासच नाही.

१०/ इतिहास आहे, आणि तो त्या चौकासमोरच घडला. १९४४ च्या लग्नातला चौक आणि १९४६ च्या लग्नातला चौक शेजारी ठेवले, तर रेषांत फारसा फरक दिसणार नाही. पण पहिल्या चौकासमोरच्या नवऱ्याला लग्नानंतर जमीनदाराच्या दारी राबायला जावे लागे. दुसऱ्या चौकासमोरच्या नवऱ्याला ‘नाही’ म्हणता येऊ लागले होते. दारिद्र्य संपले नव्हते, जमिनीचा प्रश्नही सुटला नव्हता. तरीही तो एक नकार हेच या भूमीतील सर्वांत मोठे सामाजिक परिवर्तन होते.