बारा घोड्यांची वंशावळ

मंगोलियातला ताखी हा रानटी घोडा १९६९ नंतर माळरानावर कोणाला दिसला नव्हता. आज तो तिथे पुन्हा कळपाने चरतो आहे. मधली तेवीस वर्षे तो जगला प्राणिसंग्रहालयांत, हे खरेच. पण तो टिकला एका वहीमुळे. त्या वहीची हकिगत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८७८ साली रशियन प्रवासी निकोलाय प्रशेवाल्स्की यांना चीनच्या सीमेजवळ झायसान येथे या घोड्याचे कातडे व कवटी मिळाली. १८८१ मध्ये पोल्याकोव यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि प्रशेवाल्स्कींचे नाव त्याला चिकटले. मंगोल लोक मात्र पूर्वापार त्याला ताखीच म्हणत. नाव झाले तशी मागणीही वाढली. १८९९ मध्ये दक्षिण युक्रेनमधील आस्कानिया-नोवा येथे, फाल्ट्स-फाइन यांच्या जमीनदारीत, पहिली शिंगरे पोचली. १९०१ मध्ये हॅम्बुर्गचे प्राण्यांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी २८ शिंगरे युरोपात आणवली. पकडण्याची रीत क्रूर होती. कळप दमेपर्यंत पाठलाग करायचा, मागे पडलेली शिंगरे धरायची, आणि आड येणाऱ्या मोठ्या घोड्यांना अनेकदा ठार मारायचे. वाटेत कित्येक शिंगरे दगावली.

इकडे शिकार, कडक हिवाळे आणि पाणवठ्यांवर पाळीव जनावरांची गर्दी यांमुळे माळावरचे घोडे संपत गेले. दुसऱ्या महायुद्धात आस्कानिया-नोवाचा कळपही गेला. १९४५ मध्ये बंदिवासात अवघे ३१ ताखी उरले, आणि त्यांची वीण होत होती ती फक्त प्राग व म्युनिक येथे. आजचे सारे ताखी हे १९०० च्या सुमारास पकडलेल्या अकरा आणि १९४७ मध्ये पकडलेल्या एका घोडीचे वंशज आहेत. त्यात थोडे पाळीव रक्तही मिसळले आहे.

बारा पूर्वजांवर वंश चालवायचा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजवायला नको. आपल्याकडे सोयरीक जमवताना आधी गोत्र विचारतात. घोड्यांना गोत्र विचारणार कोण? जवळच्या नात्यात वीण होत राहिली, शिंगरे लहानपणीच मरू लागली. १९५९ मध्ये प्रागला यासाठी परिषद भरली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्ना मोर यांनी जगातल्या प्रत्येक ताखीची वंशावळ तयार केली: क्रमांक, बाप, आई, जन्म, मृत्यू. पुढे ही वही प्राग प्राणिसंग्रहालयाने सांभाळली. १९७७ मध्ये रॉटरडॅमच्या यान आणि इंगे बाउमन या दांपत्याने एक प्रतिष्ठान काढले, नोंदी कार्डांवर आणि नंतर संगणकावर उतरवल्या, आणि कोणता नर कोणत्या गावी पाठवावा याचा हिशेब मांडला.

या हिशेबाचे मोल रिंगास्किडीच्या रहिवाशांना लगेच कळेल. इथल्या औषधांच्या कारखान्यांत प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी लागते, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात की जे लिहिले नाही ते घडलेच नाही. माझी उपजीविका अशाच नोंदींच्या प्रणाली लिहिण्यावर चालते. बंदरापलीकडे फोटा बेटावर मुलांना आपण जे युरोपीय बायसन दाखवतो, त्यांची कथाही हीच आहे. त्यांचेही पूर्वज बाराच, आणि त्यांचीही वंशावळ १९३२ पासून छापली जाते.

जून १९९२ मध्ये सोळा ताखी विमानाने हॉलंडहून मंगोलियात हुस्ताई येथे उतरले. उलानबातारपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवरचे हे रान १९९८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जायचे तर एक रात्र तरी मुक्काम करावा. दिवसा घोडे उंच डोंगरकडांवर असतात आणि सांजेला पाण्यासाठी खाली येतात. गव्हाळ अंग, पिठात बुडवल्यासारखे पांढुरके तोंड, ताठ उभी आयाळ, पाठीवर काळी रेघ. नर टोळीच्या मागे राहून शिंगरांना पुढे हाकतो. जवळ जाऊ देत नाहीत, आणि ते बरेच आहे. हुस्ताईत आता तीनशेहून अधिक ताखी आहेत. गोबीतल्या दुसऱ्या अभयारण्यात मात्र २००९-१० च्या एका हिवाळ्यात सुमारे दोन तृतीयांश घोडे मेले. म्हणून वही आजही मिटलेली नाही.

२०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून असा दावा पुढे आला की ताखी हे कझाकस्तानातील बोताई लोकांनी साडेपाच हजार वर्षांपूर्वी पाळलेल्या घोड्यांचे वंशज असावेत. यावर अजून वाद आहे. पण वही ज्या दिवशी सुरू झाली त्यामागचे ती सांगू शकत नाही, एवढे खरे.

आता आपल्या घोड्याकडे वळू. राजा बढे यांचे जे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले, त्यात भीमथडीची तट्टे आहेत. महाराष्ट्र दिनाला आपण ते इथे आयर्लंडमध्येही म्हणतो. भीमेच्या काठची ही काटक, लहानखुरी जात मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होती. बारगीर असो की शिलेदार, स्वारी याच तट्टांवर. १८१८ नंतर घोडदळ मोडले, इंग्रजांनी उंच विलायती घोडे पसंत केले, आणि कोणत्या घोडीचे शिंगरू कोणाकडे गेले याची सलग नोंद उरली नाही. पुढे ही जात संपली असेच बहुतेकांनी धरले.

ती जगली मेंढपाळांच्या पाठीमागे. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा भांडीकुंडी, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे तट्टाच्या पाठीवर असतात. याच दशकात भीमथडीला देशी जात म्हणून अधिकृत नोंदणी मिळाली. जातीचे नाव लागले, हे चांगलेच झाले. पण प्रशेवाल्स्कीच्या घोड्याला नाव तर १८८१ मध्येच मिळाले होते. त्याला वाचवले ते अठ्ठ्याहत्तर वर्षांनी सुरू झालेल्या आई-बापांच्या यादीने. भीमथडीची अशी यादी करायला आज माळावर तट्टे आहेत, आणि कोणते शिंगरू कोणत्या घोडीचे हे तोंडपाठ असलेले म्हातारे धनगरही आहेत. त्यांना विचारून लिहून घेण्याचे काम आताच व्हायला हवे.