सवाई-दिढी ते भागभांडवल : पश्चिम खानदेशातील कर्जव्यवहाराची नैतिक बाजू

प्रस्तावना : नवापूर तालुक्यातील खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव आदिवासीबहुल पश्चिम खानदेशात मोडते. येथील कर्जाचा इतिहास शेतीच्या हंगामाशी निगडित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पेरणीच्या वेळी धान्य कर्जाऊ घेऊन सुगीत सव्वापट वा दीडपट परत करणे, ही सवाई-दिढीची पद्धत होय. मुदत पाच महिन्यांची धरल्यास हा दर वार्षिक ६० ते १२० टक्के भरतो. कर्जापोटी अनेकांच्या जमिनीही गेल्या. शहाद्यात १९७२ मध्ये अंबरसिंग महाराज आदींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने गमावलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला.

कायद्याची मर्यादा : व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे, हा दामदुपटीचा दंडक राज्याच्या २०१४ च्या सावकारी अधिनियमातही आहे. तथापि दिढीचे कर्ज या दंडकात सहज बसते. दीर्घ मुदतीच्या ऋणाला बसणारा हा आळा अल्प मुदतीच्या महाग कर्जाला अडवीत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

निष्कर्ष : २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्सचे भाग बाजारात आले; त्याच वर्षी आंध्र प्रदेश सरकारला सूक्ष्मवित्त संस्थांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. सावकार ऋणकोला नावानिशी ओळखत असे. भागधारकाला केवळ लाभांश दिसतो. म्हणून वित्तकंपनीत बचत गुंतविणाऱ्या पगारदार वर्गाने परताव्याबरोबरच कर्जाचा वार्षिक दर, वसुलीची रीत आणि हप्त्याचा ऋणकोच्या हंगामी उत्पन्नाशी असलेला मेळ तपासणे, हे त्याचे नैतिक कर्तव्य ठरते.