मार्टिन मायलिनच्या दारात

अमेरिकेच्या वसाहतकाळातल्या बंदूक-कारागिरांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला मी आधी मार्टिन मायलिनच्या दारात नेतो. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात, विलो स्ट्रीट गावाजवळ, एक लहानशी दगडी इमारत आहे. मायलिन स्विस घराण्यातला, मेनोनाइट पंथाचा. धर्मछळामुळे देश सोडावा लागलेल्या ज्या मंडळींना १७१० मध्ये पेक्विया ओढ्याच्या परिसरात दहा हजार एकर जमीन मिळाली, त्यांच्यात त्याचे नाव आहे. अमेरिकेतली पहिली लांब नळीची रायफल त्याने १७१९ च्या सुमारास याच इमारतीतल्या दुकानात घडवली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. २००५ मध्ये मिलर्सव्हिल विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. लोहारकामाच्या खुणा सापडल्या. बंदूक घडवल्याचा पुरावा मिळाला नाही.

हे ऐकून नवा अभ्यासक हिरमुसतो. मला मात्र या विषयाची खरी गोडी इथूनच लागली. कागद बोलत नाहीत तिथे लोखंड, लाकूड आणि राख वाचायला शिकावे लागते.

रायफलच्या नळीचेच पाहा. घडीव लोखंडाची जाड पट्टी तापवून सळईभोवती वळवायची, थोडा-थोडा भाग तापवत घणाने तिच्या कडा एकजीव करायच्या, मग आतून भोक साफ करायचे. त्यानंतर पीळदार चर कापण्याचे काम. पीळ कोरलेल्या लाकडी ओंडक्याच्या आधाराने पोलादी दाताची काठी नळीतून ओढायची. दर खेपेला केसाएवढेच लोखंड निघते. चर खोल करायचा तर दाताखाली कागदाची पट्टी सरकवायची आणि पुन्हा ओढायचे. कारागिराचा संयम त्या चरांतून आजही बोटाला कळतो.

जर्मन मुलखातून आलेली शिकारी रायफल आखूड आणि रुंद भोकाची होती. पेनसिल्व्हेनियात नळी चाळीस इंचांपलीकडे गेली आणि गोळी लहान झाली, त्यामुळे शिसे वाचले. दस्त्याला तिथल्याच मेपलचे लहरदार लाकूड आले. हा बदल एका माणसाचा नव्हे. माइन्त्सजवळ जन्मून लँकेस्टरला स्थिरावलेल्या जेकब डिकर्टसारख्या अनेक स्थलांतरितांच्या हातांनी तो घडला. मायलिनला एकट्याला जनक म्हणणे मला मान्य नाही. पण या मंडळींनी आणलेली विद्या तिथे रुजली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक अवघड गोष्टही आधीच सांगायला हवी. मेनोनाइट युद्धात शस्त्र धरत नाहीत. त्यांच्या वस्तीत बंदूक होती ती शिकारीसाठी. पण ही जमीन मुळात इथल्या आदिवासींची होती, आणि १७६३ च्या डिसेंबरात याच लँकेस्टर परगण्यात गोऱ्या जमावाने कोनेस्टोगा जमातीच्या वीस जणांची हत्या केली. बंदुकीच्या कारागिरीवर लिहिताना ही हत्या तळटीपेत ढकलता येणार नाही.

तुम्ही या विषयात येत असाल तर मनापासून स्वागत. संग्रहालयात गेलात की दस्त्यावरच्या पितळी नक्षीपाशी फार वेळ थांबू नका. परवानगी मागा, नळीच्या तोंडाशी दिवा धरा आणि चर मोजा.