शोध तुमचा, पैसा दुसऱ्याचा : नफ्याची वाटणी कशी ठरवावी?

मंगळवार पेठ, कोल्हापूर : हाताला कसब आहे, डोक्यात नवं यंत्र आहे, पण खिशात भांडवल नाही. इथून उद्यमनगरपर्यंत असे कारागीर कमी नाहीत. कुणी ओळखीचा पैसे द्यायला तयार होतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "महिन्याला फिक्स किती देणार?" धंदा चालो न चालो, दिलेल्या रकमेवर ठरलेला आकडा मिळणार असेल तर तो नफा नव्हे, व्याज झालं. नाव काहीही ठेवा.

यावर शरीअतने दिलेला मार्ग म्हणजे मुदारबा. उर्दूत आपण मुजारबत म्हणतो. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. आदरणीय खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) व्यापाराला गेले, ते उदाहरण सर्वांना माहीत आहे. यात वाटणी नफ्याच्या प्रमाणात आधीच ठरते: निम्मं-निम्मं, 60:40, काहीही. नुकसान झालं तर भांडवल देणाऱ्याचा पैसा जातो, कारागिराची मेहनत जाते. कारागिराने हयगय केली किंवा करार मोडला, तर मात्र भरपाई त्याच्यावर.

हिशोब बघा. समजा एकाने चपलेचा तळ कापायचं यंत्र बनवलं, दुसऱ्याने 10 लाख घातले, वाटणी 60:40. पहिल्या वर्षी 2 लाख तोटा. दुसऱ्या वर्षी 3 लाख नफा. आता 3 लाख वाटायचे नाहीत! आधी 2 लाखांचा खड्डा भरायचा, उरलेला 1 लाख वाटायचा. बहुतेक भांडणं इथेच लागतात, कारण हे कुणी आधी बोललेलंच नसतं. दुसरी अडचण घरखर्चाची. कारागिराचा हिस्सा हाच त्याचा मोबदला, वेगळा पगार नाही. मग तो दोन वर्षं खाणार काय? नफ्यापोटी उचल घेऊन वर्षअखेरीस हिशोब करता येतो, पण ते कागदावर हवं.

शोधाची स्वतःची किंमत धरता येते का? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत शोधाचे हक्क ही किंमत असलेली मालमत्ता मानली. दोघांनी मिळून शोधाची किंमत 5 लाख ठरवली आणि समोरच्याचे रोख 10 लाख, तर ही मुशारका, म्हणजे दोघांच्या भांडवलाची भागीदारी होते. पण मग तोटाही 1:2 प्रमाणे सोसावा लागतो. त्यामुळे शोधाची किंमत फुगवणारा स्वतःचाच तोटा फुगवतो.

कोल्हापूरला हे नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, पण महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं म्हणून. 1920 ला 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे 1929 मध्ये याच कंपनीतले शांताराम, दामले, धायबर आणि आपले साहेबमामा फत्तेलाल बाहेर पडले. कसब चौघांचं, पैसा सीतारामपंत कुलकर्णींचा. पैसेवाल्याला सावकार न ठेवता पाचवा भागीदार केलं आणि 'प्रभात' सुरू झाली.

आता कायद्याचं. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात. म्हणजे तोंडी मुदारबा ठरवला आणि वाद कोर्टात गेला, तर तोट्याचा निम्मा बोजा कारागिरावर येऊ शकतो. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देणंघेणं लिहून ठेवायचा आदेश आहे. आपण तेवढंच नेमकं विसरतो. शिवाय बाहेरच्या देणेकऱ्यांसाठी सर्व भागीदार घरादारासह जबाबदार असतात. ते टाळायचं तर 2008 च्या कायद्याखालची एलएलपी नोंदवावी. पण एलएलपीतही करार नसला तर वाटणी समानच.

पेटंटची गोष्ट वेगळी ठेवा. अर्ज दाखल करण्याआधी यंत्र चारचौघांत दाखवू नका, नवेपण जातं. गुंतवणूकदारालाही गुप्ततेचा कागद करूनच दाखवा. आणि उपकार म्हणून त्याचं नाव पेटंटवर घालू नका. सहमालक झाला की, वेगळा करार नसेल तर, त्याचा हक्क तुमच्याइतकाच, आणि त्याच्या संमतीशिवाय तुम्ही दुसऱ्या कारखान्याला परवाना देऊ शकत नाही. पेटंट 20 वर्षांचं असतं, भागीदारी दोन वर्षांतही मोडते. नफ्यात हिस्सा द्यायला पेटंटमध्ये नाव लागत नाही.