‘स्टेप’ म्हणजे पायरी नव्हे

‘स्टेपमदर’मधला ‘स्टेप’ म्हणजे जिन्याची पायरी आणि म्हणून ती एक पायरी लांबची आई, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण या ‘स्टेप’चा पायरीशी किंवा पावलाशी काही संबंध नाही. प्राचीन इंग्रजीत ते दोन निराळे शब्द होते, पुढे दोघांचं रूप एकसारखं झालं एवढंच. नात्यातला ‘स्टेप’ मुळात ‘स्टेओप’. त्याच्या कुळातल्या क्रियापदाचा अर्थ होता जिवाभावाचं माणूस हिरावून घेणं, पोरकं करणं. जर्मनमधला ‘श्टीफ’ आणि डचमधला ‘स्टीफ’ हे त्याचेच भाऊबंद.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी सावत्र आई नाही, आईबापाविना राहिलेलं मूल आहे. ‘स्टेओपचिल्द’ म्हणजे पोरकं पोर. इ. स. १००० च्या सुमाराच्या प्राचीन इंग्रजी शुभवर्तमानांत, योहानाच्या चौदाव्या अध्यायात, येशू आपल्या शिष्यांना पोरकं न सोडण्याचं वचन देतो. तिथे ‘अनाथ’ या अर्थी हाच शब्द आला आहे. त्या प्रसंगात कुणाचं दुसरं लग्न नाही की कुणी नवी आई घरात आलेली नाही. पोरक्या मुलाची आई होऊन आली ती ‘स्टेपमदर’, बाप होऊन आला तो ‘स्टेपफादर’. मूल कशाला मुकलं आहे ते हा शब्द आधी सांगतो आणि नव्या माणसाचं नाव नंतर घेतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आई, बाप, मुलगा, मुलगी यांची ‘स्टेप’ रूपं प्राचीन इंग्रजीतच मिळतात. ‘स्टेपब्रदर’ आणि ‘स्टेपसिस्टर’ मात्र पंधराव्या शतकात आले. तोवर ‘स्टेप’मधला मृत्यू बोलणाऱ्यांच्या ध्यानातून गेला असावा आणि लग्नातून जुळलेलं नातं एवढाच अर्थ उरला असावा.

आपला ‘सावत्र’ वेगळ्याच घरातून आला. त्याचं मूळ ‘सापत्न’, म्हणजे सवतीचं. त्याला मृत्यूची गरज नाही. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवणारी सुरुची त्याची सावत्र आई, पण त्याची आई सुनीती जिवंत होती. दोन बायका एका घरात नांदत होत्या त्या काळाचा हा शब्द आहे. म्हणूनच ‘सावत्र बाप’ म्हणताना तो जरा ओढूनताणून बसवावा लागतो, कारण त्या नात्यात सवत कुठेच नसते.

इंग्रजी लिहिताना आपली गल्लत होते ती याच फरकामुळे. चुलत, मावस, आते, मामे अशी बारीक विभागणी करणारी मराठी ‘सावत्र भाऊ’ म्हणताना दोन नाती एकाच शब्दात घालते. इंग्रजीत आई किंवा बाप यांपैकी एक जण सामाईक असेल तर तो ‘हाफ ब्रदर’. दोघांत कुणीच सामाईक नसेल, केवळ एकाच्या आईनं दुसऱ्याच्या बापाशी लग्न केलं असेल, तर तो ‘स्टेपब्रदर’. महाभारतातलं एकच घर घेतलं तरी सगळं लख्ख दिसतं. भीष्म आणि विचित्रवीर्य दोघेही शंतनूचे, आया वेगळ्या, म्हणून हाफ ब्रदर. व्यास आणि विचित्रवीर्य दोघेही सत्यवतीच्या पोटचे, बाप वेगळे, तरी हाफ ब्रदरच. भीष्म आणि व्यास यांच्यात मात्र रक्ताचा थेंबही सामाईक नाही. ते खरे स्टेपब्रदर. शहाजीराजांचे पुत्र शिवाजी महाराज आणि तंजावरचे व्यंकोजीराजे यांना इंग्रजीत ‘स्टेपब्रदर’ लिहिलं तर शहाजीराजांचं नातंच पुसलं जातं.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हता. इंग्लंडात १८३३ च्या वारसा कायद्यापर्यंत भावाची जमीन हाफ ब्रदरकडे वारशानं जातच नसे. आपल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंही सख्खे, एका बापाचे पण वेगळ्या आयांचे, आणि एका आईचे पण वेगळ्या बापांचे अशी तीन नाती व्याख्येत वेगळी काढली आहेत.

खुद्द इंग्रजांचाही या शब्दांत गोंधळ होता. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर बापाच्या दुसऱ्या बायकोला ‘मदर-इन-लॉ’ म्हणतो. आजचा वाचक तिथे अडखळतो, कारण सॅमचं लग्नच झालेलं नाही. पण एकोणिसाव्या शतकात लग्नामुळे कायद्यानं लागलेली आई, मग ती सासू असो वा सावत्र, ‘इन-लॉ’ म्हटली जाऊ शके. फ्रेंचमध्ये ‘बेल-मेर’ आजही दोघींना चालतो.

सावत्र आईच्या नावाला काळोखी आणण्यात ग्रिम बंधूंचा वाटा मोठा. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्ख्या आईचं क्रौर्य मुलांच्या पुस्तकात सोसवेना, म्हणून ते दुसरीच्या माथी मारलं गेलं. जर्मनमध्ये तर पॅन्सीच्या फुलाचं नावच ‘छोटी सावत्र आई’ असं आहे. ते फूल उलटं करून पाहावं. खालची मोठी, नटवी पाकळी म्हणजे सावत्र आई, ती दोन हिरव्या निदलांच्या खुर्च्या अडवून बसते. बाजूच्या दोन पाकळ्या तिच्या मुली, त्यांना एकेक खुर्ची. वरच्या दोन साध्या पाकळ्या सावत्र मुली, त्या दोघींत मिळून एकच. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत अनुदान कापलं गेलं की ‘स्टेपमदरली ट्रीटमेंट’ छापतात आणि मराठीत ‘सापत्न वागणूक’. दुसरीच्या लेकरांचे डबे भरणाऱ्या, त्यांच्या तापात रात्रभर जागणाऱ्या बायका हेच मथळे वाचतात. हा वाक्प्रचार आपण टाकून द्यायला हवा.

विसाव्या शतकात घटस्फोट वाढले. आई-बाप दोघेही हयात आणि तरी घरात ‘स्टेपफादर’, ही गोष्ट नेहमीची झाली. शब्दातलं पोरकेपण तिथे उरलं नाही. ‘ब्लेंडेड फॅमिली’ हा शब्द या घरांसाठी आला. तुझी मुलं, माझी मुलं आणि आपल्या दोघांची, असं एकत्र कुटुंब. त्यातली शेवटची मुलं आधीच्या दोन्ही गटांची हाफ भावंडं, पण पहिले दोन गट एकमेकांचे स्टेप. स्वीडनमध्ये ‘बोनस आई’, ‘बोनस बाबा’ म्हणू लागले, म्हणजे हातचं न जाता वर मिळालेलं माणूस.

हे सगळे शब्द तिसऱ्याला नातं सांगण्यासाठीच आहेत. घरात ‘ए स्टेपमदर’ अशी हाक कुणी मारत नाही आणि मराठी घरात ‘सावत्र आई’ अशीही नाही. आपल्याकडे बरेचदा ती ‘मावशी’ असते, आणि कित्येक घरांत खरोखरीची मावशीच. बहीण गेली, लेकरं लहान आहेत, तर धाकटीनं त्या घरात जावं, असं वडीलधारी मंडळी सुचवत. त्यात त्या धाकटीला किती विचारलं जाई, हा प्रश्न वेगळा. पण पोरांना तिचा वास, तिचा आवाज आधीपासून ओळखीचा असे. इंग्लंडात १८३५ च्या कायद्यानं मेलेल्या बायकोच्या बहिणीशी केलेलं लग्न पूर्णपणे बेकायदा ठरवलं होतं, कारण चर्चच्या हिशेबी ती बहीणच. तिथल्या मुलांना मावशी सावत्र आई म्हणून कायद्यानं मिळू लागली ती १९०७ साली.