नामाधारित जाळ्यावरील पीअर-टू-पीअर फाइलवाटप : सिम्युलेशन

संगणकाच्या पत्त्याऐवजी माहितीच्या नावावर चालणाऱ्या जाळ्यात वापरणाऱ्यांनी एकमेकांना फाइल पुरवली तर काय घडेल, हे प्रत्यक्ष जाळे न उभारता संगणकावर तपासण्याची पद्धत.

ब्रॅम कोहेन यांच्या बिटटॉरंटने (२००१) फाइलचे तुकडे परस्परांना पुरवण्याची रीत रुळवली. कोणता तुकडा कोणाकडे आहे हे शोधणे आणि आलेला तुकडा अस्सल आहे का हे पाहणे, ही दोन्ही कामे मात्र अ‍ॅपच्याच गळ्यात पडली. जाळ्याला फक्त पत्ते कळत. व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नावावर चालणाऱ्या जाळ्याचा आराखडा मांडला. २०१० पासून ‘नेम्ड डेटा नेटवर्किंग’ प्रकल्पाने तो पुढे नेला. यात राउटर जवळची प्रत स्वतःच देतो, आणि तोच तुकडा आधी कोणी मागितला असेल तर नवी मागणी पुढे न धाडता नोंदवून ठेवतो. तुकड्यावर निर्मात्याची डिजिटल सही असते. तो कोणी दिला हे गौण ठरते.

‘एनएस-३’ या जाळे-सिम्युलेटरवर बेतलेले ‘एनडीएनसिम’ (२०१२) हे या अभ्यासाचे प्रमुख साधन. बिटटॉरंटची कल्पना या जाळ्यावर आणणारे ‘एनटॉरंट’ २०१७ मध्ये मांडले गेले.

वैजापूर तालुक्याचे काल्पनिक जाळे घेऊन ही मांडणी समजते. छत्रपती संभाजीनगरहून वैजापूरला एक मुख्य वाहिनी, तिथून शिऊर, लोणी आणि खंडाळ्याला फाटे. २०० विद्यार्थ्यांना १०० एमबीचा एकच व्हिडिओ हवा आहे. प्रत्येकाने तो थेट सर्व्हरवरून घेतला, तर मुख्य वाहिनीवरून २० जीबी वाहतात. सर्वांनी एकाच वेळी नावाने मागितला, तर जेमतेम १०० एमबी.

मागण्या मागेपुढे आल्या की चित्र पालटते. ४ केबीच्या हिशेबाने व्हिडिओचे सुमारे २५,००० तुकडे होतात. वैजापूरच्या राउटरमध्ये १०,००० तुकड्यांचीच जागा असेल आणि तो सर्वांत आधी वापरलेली प्रत प्रथम काढत असेल, तर पहिल्याचे डाउनलोड संपल्यावर ओळीने मागणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला त्यातून एकही तुकडा मिळत नाही: हवा तो तुकडा नेमका त्याआधीच पुसला जातो. तिथे शिऊरच्या एखाद्या संगणकात राहिलेली पूर्ण फाइलच कामी येते. त्यासाठी त्या संगणकाने आपल्याकडे ती असल्याचे जाळ्याला कळवावे लागते, आणि असे संगणक वाढले की राउटरचे मार्गकोष्टक फुगते.

म्हणून अशा सिम्युलेशनमध्ये डाउनलोडच्या वेळेबरोबरच साठ्याचा आकार, मागण्यांचा क्रम आणि कोष्टकातील नोंदीही मोजाव्या लागतात.