प्लाझ्माचा काळोख

डोनाल्ड बिट्झर यांना टीव्ही बनवायचाच नव्हता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना इथं, ते 'प्लेटो' नावाची संगणकावरून शिकवण्याची यंत्रणा उभी करत होते. विद्यार्थ्यासमोर पडदा असावा आणि त्यावर मजकूर व आकृत्या दिसाव्यात, एवढीच गरज होती. पण तेव्हाच्या पिक्चर ट्यूबवर चित्र टिकवायचं तर ते सेकंदाला कित्येकदा नव्यानं रेखाटावं लागे आणि त्यासाठी मेमरीत साठवून ठेवावं लागे. मेमरीचा भाव असा, की प्रत्येक टर्मिनलला ती देणं विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून बिट्झर, त्यांचे सहकारी जीन स्लॉटो आणि संशोधक विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी 1964 साली असा पडदा घडवला, की दाखवलेलं तो स्वतःच लक्षात ठेवील.

त्यातली युक्ती साधी होती. काचेच्या पातळ थरांमध्ये वायूनं भरलेली बारीक पोकळी, आणि वीज पोचवणाऱ्या पट्ट्या काचेच्या बाहेरून. वायू एकदा पेटून त्याचा प्लाझ्मा झाला की पोकळीच्या भिंतीवर विद्युतभार साचतो. दिशा बदलत राहणारा प्रवाह त्या साचलेल्या भाराच्या जोरावर तीच पोकळी पुन्हा पुन्हा पेटवत राहतो. शेजारची न पेटलेली पोकळी मात्र तेवढ्याच विद्युतदाबाला दाद देत नाही. म्हणजे प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला, नाही तर विझलेला. अधलंमधलं काही नाही. मजकुरासाठी हे वरदान ठरलं. चित्रासाठी मात्र तीच पुढच्या प्रत्येक पिढीची डोकेदुखी झाली.

1972 च्या 'प्लेटो 4' टर्मिनलवर 512 गुणिले 512 ठिपक्यांचा नारिंगी पडदा आला. नारिंगी, कारण निऑनचा उजेडच तसा. 1983 मध्ये आयबीएमनं 19 इंची नारिंगी पडदा काढला. 1986 चा तोशिबाचा टी3100 हा उचलून नेता येणारा संगणकही याच उजेडात चमकायचा, फक्त त्याला बॅटरी नव्हती, भिंतीतल्या प्लगशिवाय तो जागा होत नसे. प्लाझ्माची विजेची भूक तेव्हापासूनची.

रंग आले ते वायू बदलून. निऑनमध्ये झेनॉन मिसळला की अतिनील किरण निघतात आणि पोकळीत लाल, हिरवं, निळं फॉस्फर लिंपलेलं असलं की ते त्या त्या रंगात उजळतं. जपानमध्ये फुजित्सूच्या त्सुताए शिनोदा यांनी तीन इलेक्ट्रोडची रचना सिद्ध करून 1992 साली 21 इंची रंगीत पडदा आणला. अमेरिकेत इलिनॉयचेच लॅरी वेबर प्लाझ्माको ही छोटी कंपनी चालवत होते. पोकळ्यांमध्ये वाया जाणारी वीज परत वळवून घेणारं सर्किट ही त्यांची मोठी कामगिरी. मात्सुशितानं, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकनं, 1996 मध्ये ती कंपनी 2 कोटी 60 लाख डॉलरला विकत घेतली. पुढच्याच वर्षी फिलिप्सचा 42 इंची प्लाझ्मा अमेरिकेतल्या दुकानांत लागला. किंमत 14,999 डॉलर, तेव्हाच्या दरानं पाच लाख रुपयांच्या वर. चित्र अवघं 852 गुणिले 480. तरीही भिंतीवर टांगता येणारा टीव्ही बघायला लोक गर्दी करत.

आता त्या डोकेदुखीकडे. ठिपक्याला मधली छटा ठाऊकच नसेल, तर गालावरची सावली दाखवायची कशी? इंजिनिअरांनी एका चित्राच्या वेळेचे तुकडे पाडले. आठ तुकडे धरले तर पहिल्यात पोकळीनं एक लुकलुक करायची, दुसऱ्यात दोन, मग चार, असं करत आठव्यात 128. कुठले तुकडे पेटवायचे ते निवडलं की 256 छटा मिळतात, बेरीज प्रेक्षकाचा डोळा करतो. दुकानात प्लाझ्मावर '600 हर्ट्झ'चा स्टिकर झळकायचा तो याच हिशेबाचा: सेकंदाला 60 चित्रं, प्रत्येकाचे दहा तुकडे. सेकंदाला 600 वेगळी चित्रं दिसतात असा गिऱ्हाइकाचा समज झाला, तर विक्रेत्याची काही हरकत नसे.

या हिशेबात एक खोट होती. 127 क्रमांकाची छटा म्हणजे पहिले सातही तुकडे पेटलेले. 128 म्हणजे फक्त शेवटचा. गालावर या दोन छटा अगदी शेजारी असतात. चेहरा स्थिर असेल तर कुणाला काही कळत नाही. पण नट मान वळवतो, प्रेक्षकाची नजर त्याच्याबरोबर सरकते, बेरीज चुकते आणि गालावर नकाशातल्यासारखी रेघ उमटते. ती घालवण्यासाठी तुकडे वाढवले, त्यांचा क्रम बदलला, छटांमध्ये बारीक ठिपक्यांची भुकटी पेरली. प्लाझ्माच्या अगदी जवळ जाऊन गडद भिंतीचं दृश्य पाहिलं तर ती भुकटी वळवळताना दिसते. चार पावलं मागं आलं की नाहीशी होते.

काळ्या रंगाची अडचण आणखी विचित्र. पोकळी हुकमासरशी पेटायला हवी तर तिला आधी किंचित चेतवून ठेवावं लागतं, आणि चेतवलं की थोडा उजेड पडतोच. म्हणून सुरुवातीच्या प्लाझ्मावर रात्रीचं आकाश राखाडी दिसे. पायोनिअर कंपनीनं हा उजेड मारण्याचा ध्यास घेतला. 2007 साली तिची 'कुरो' मालिका आली आणि काळ्या रंगाचा मापदंडच बदलला. 2008 च्या आरंभी लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात पायोनिअरनं त्यापुढचा एक प्रायोगिक पडदा अंधाऱ्या खोलीत ठेवला होता. चित्र उमटेपर्यंत पडदा कुठे आहे तेच पाहणाऱ्यांना कळत नव्हतं. तो पडदा बाजारात कधीच आला नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये पायोनिअरनं टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं.

उत्तम चित्राचा टीव्ही मागे का पडला, याचं निम्मं उत्तर दुकानातच होतं. शोरूममध्ये डोक्यावर ट्यूबलाइटची रांग. प्लाझ्माची पुढची काच तो उजेड आरशासारखी परत फेके आणि त्याचं खोल काळं तिथं धुऊन जाई. शेजारचा एलसीडी मात्र मागचे दिवे पूर्ण पेटवून, भडक मोडमध्ये झगमगत उभा. गिऱ्हाईक झगमगाटाला भुललं, त्यात नवल नाही. आपल्याकडचे दिवाणखानेही दिवसा उन्हानं भरलेले, तिथं एलसीडी निवडणारा अगदीच चुकत नव्हता. शिवाय वृत्तवाहिनीची तळाची पट्टी प्लाझ्मावर कायमची उमटून बसण्याची भीती, मोठं वजन आणि वाढतं वीजबिल. कॅलिफोर्नियानं तर 2009 साली टीव्हीच्या वीजवापरावर मर्यादा घालणारे नियम मंजूर केले. उंचीचंही वावडं होतं: पोकळ्यांतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेहून कमी, त्यामुळे विरळ हवेत काचांवरचा ताण बदलून पॅनेल गुणगुणू लागे. महाबळेश्वरला ते निमूट चाललं असतं, लेहला तक्रार आली असती.

उरलेलं निम्मं उत्तर कारखान्यात होतं. एलसीडी फोन, लॅपटॉप, मॉनिटर सगळ्यांसाठी बनत होता, प्लाझ्मा फक्त मोठ्या टीव्हीसाठी. ठिपके बारीक करत न्यावेत तर पोकळ्यांमधल्या भिंतीच जागा खातात आणि उजेड घटतो. फुल एचडीसाठी 62 लाख 20 हजार 800 पोकळ्या लागत. फोर-केसाठी त्याच्या चौपट. ते अशक्य नव्हतं. 2012 मध्ये जपानी प्रसारण संस्था एनएचके आणि पॅनासॉनिकनं 145 इंची एट-के प्लाझ्मा करून दाखवला. पण तो घरात मावणार कुणाच्या? पॅनासॉनिकनं ओसाका खाडीकाठी अमागासाकीत भले मोठे कारखाने उभारले होते. कंपनीला लागोपाठ दोन वर्षं 750 अब्ज येनहून अधिक तोटा झाला, आणि त्यात टीव्हीचा वाटा मोठा होता. 2013 च्या डिसेंबरमध्ये तिथलं प्लाझ्माचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी आलेला तिचा झेडटी60 हा आजवरच्या सर्वोत्तम प्लाझ्मांत गणला जातो. 2014 अखेर सॅमसंग आणि एलजीही बाहेर पडले.

प्लाझ्माची गादी चालवली ती ओएलईडीनं. मूळ शोध कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांचा, 1987 चा. सोनीनं 2007 मध्ये 11 इंची टीव्ही काढला, एलजीनं 2013 मध्ये 55 इंची. इथंही प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडानं पेटतो, पण चेतवून ठेवण्याची भानगड नाही. विझला म्हणजे विझला. एका निटच्या (निट म्हणजे उजळपणा मोजायचं एकक) काही हजाराव्या भागाइतका जो उजेड उत्तम प्लाझ्मातही उरे, तो इथं शून्य. लखलखाटात तर तुलनाच नाही. प्लाझ्माची मजल साधारण 100 निटच्या आसपास, तर एचडीआरसाठीच्या चित्रपटांत पाण्यावरची तिरीप 1000 निटपर्यंत बांधलेली असते. नव्या ओएलईडी आणि मिनी-एलईडी टीव्हींना ती पेलते. मिनी-एलईडी मात्र मुळात एलसीडीच: त्यात मागचे दिवे बहुतेकदा फार तर काही हजार गटांत विझतात आणि पुढं ठिपके 82 लाखांहून अधिक, त्यामुळे काळ्या आभाळातल्या चंद्राभोवती खळं दिसण्याचा धोका राहतो.

'जुना कुरो तो कुरो' म्हणणारे रसिक अजून भेटतात. काळ्या रंगाबाबत त्यांचं म्हणणं आता टिकत नाही. हालचालीबाबत टिकतं. ओएलईडी आणि एलसीडी एक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतात; सरकणाऱ्या वस्तूमागे डोळा पुढे जातो, चित्र जागीच असतं, म्हणून कड पुसट होते. प्लाझ्मा लुकलुकत दाखवत असल्यानं सीमारेषेकडे धावणारा चेंडू रेखीव राही. हिरवं फॉस्फर निळ्यापेक्षा सावकाश विझे, त्यामुळे पांढऱ्या कडेमागे पिवळट-हिरवं शेपूट दिसे खरं, पण चेंडूची शिवण हरवत नसे. काही ओएलईडी दोन चित्रांमध्ये काळी चौकट घालून हाच परिणाम साधतात, त्यात उजेड घटतो. एलजीनं 2022 च्या मॉडेलांत 120 हर्ट्झवरची ती सोय काढूनही टाकली. जुना प्लाझ्मा अजून चालू असलेल्याला क्रिकेटसाठी तो बदलण्याची घाई नाही. सर्किट बोर्ड गेला तर जुन्या सेटमधला मिळू शकतो. पॅनेल फुटलं तर ते आता कुठलाच कारखाना बनवत नाही.